गारठा निघेपर्यंत

कार्ड आणलं कोटाच्या आत, छातीशी धरून,
तरी घरी पोचेस्तोवर ते
मेंढीच्या गोठलेल्या फऱ्यासारखं कडक.
उणे एकतीस. उलानबातरच्या उत्तरेच्या उतारावर
धूर इतका, की बसमधून उतरल्यावर
आपलंच कुंपण हातानं चाचपावं लागतं.

लगेच बसवू नकोस, दुलगूननं कोरियातून बजावलेलं,
गार धातूला उबेत घाम फुटतो,
आणि त्या घामात वीज शिरली की संपलंच.
म्हणून ते टेबलावर, वर्तमानपत्रात, साडेतीन तास.
पाहुण्यासारखं. पाहुण्याला निदान चहा तरी देता येतो.

तोवर जुनं मशीन उघडलं.
आत काजळी. सहा हिवाळ्यांचा कोळसा
पंख्याच्या पात्यांवर मखमलीसारखा.
बाबांचा दाढीचा ब्रश घेतला, न विचारता.
एक स्क्रू भलताच निघाला: पितळी, रुंद डोक्याचा.
जोडणीच्या रात्री दुलगूनला चौथा स्क्रू सापडत नव्हता,
मी सोळाची, तो विशीतला,
आणि आईच्या शिलाई यंत्राचं झाकण
तेव्हापासून का खुळखुळतं
ते आज कळलं.

तीन महिने शोधत होते.
एकानं फोटो दुसऱ्याच कार्डाचा लावलेला.
एकानं, किंमत विचारली तर माझं वय विचारलं.
एकाचं, रात्रंदिवस डिजिटल नाणी खणून
इतकं दमलेलं, की पंखा फिरताना खोकायचा.
शेवटी बाजाराच्या मागच्या गल्लीत, टायर आणि बुटांच्या मध्ये,
बात्झोरिग. मोजे विकतो.
मुलगा लष्करात गेला, म्हणाला, बायकोला ते खोकं घरात नकोय.
चालवून दाखवा म्हटलं,
तर मोज्यांच्या ढिगातून त्यानं मॉनिटर उपसला.
बेकरीतल्या रात्रपाळीचे सात आठवडे
मी त्याच्या तळहातावर मोजले.
वर त्यानं एक जोड दिला, उंटाच्या लोकरीचा.

गारठा निघाला. पुसलं. लावायला गेले,
तर नाकापेक्षा मोती जड.
दोन बोटं लांब. डिस्कचा पिंजरा आडवा.
बाबा उठले.
रशियन ट्रकांच्या पोटाखाली एकवीस वर्षं निजलेला माणूस,
गेम म्हणजे काय हे अजून विचारत नाही.
पिंजरा पाहिला, करवत आणली.
इंजिन मोठं घालतेयस, रेडिएटर बघितलास?
एवढंच.
कीस सांडेल म्हणून मदरबोर्ड आधीच काढून
पुठ्ठ्यावर निजवला होता.
परत ठेवण्यापूर्वी स्वेटर उतरवला,
पलंगाच्या लोखंडी पायाला बोट लावलं,
निळी ठिणगी उडाली.
आता मी रिकामी. आता हात लावायला हरकत नाही.

पण संध्याकाळी सगळी वस्ती हीटर लावते,
बल्ब पिवळा पडतो, आजाऱ्याच्या डोळ्यासारखा.
अकरापर्यंत थांबले.
बटण.
पंखे दचकले, थांबले,
मग काहीतरी ठरवल्यासारखे फिरू लागले.

शनिवारी आम्ही दोघं त्याच दोरीच्या पुलावर भेटतो.
तिथं माझं चित्र नेहमी तुकड्यातुकड्यांनी यायचं,
आणि तो पुलाच्या मध्यावर उभा दिसायचा, स्तब्ध.
मला वाटायचं, माझ्यासाठी थांबलाय.
किती सोशिक, वाटायचं.

आज पूल सलग.
दोर, दोरांचे पीळ, खाली पाण्यावर धुकं.
इथं धुकं आहे हे मला माहीतच नव्हतं.
पलीकडे पोचले. वळून पाहिलं.
दुलगून मध्यावर, एक पाय हवेत.
मग एकदम चार पावलं पुढे. मग पुन्हा थिजलेला.
वसतिगृहातला जुना लॅपटॉप, नऊ जणांत एक वायफाय.
हे तो कधी बोलला नाही.

मशीनच्या मागून गरम हवा येते.
बाबांनी तिथं ओले हातमोजे टांगलेत.
आलास का, मी माइकमध्ये विचारते.
आलोच, तो म्हणतो, तूच थांब जरा आज.
मी ढाल खाली ठेवते.